विद्यार्थिनींच्या अभियांत्रिकी मंडळासाठी उपक्रम: पाना कोणाच्या हातात आहे, ते आधी पाहावे

बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थिनींचे एखादे मंडळ असते. कोठे ते आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या ‘विमेन इन इंजिनिअरिंग’ गटाची शाखा म्हणून चालते, कोठे महिला कक्षाच्या अखत्यारीत, तर कोठे दोन-चार उत्साही मुलींनी प्राचार्यांची परवानगी काढून ते सुरू केलेले असते. वर्षाचा कार्यक्रम मात्र सगळीकडे साधारण सारखाच दिसतो. सप्टेंबरात अभियंता दिनाचे व्याख्यान, मार्चमध्ये महिला दिनाची रांगोळी आणि पुष्पगुच्छ, आणि अधूनमधून व्यक्तिमत्त्व विकासाचे एखादे शिबिर. जिल्ह्याच्या गावातील एका महाविद्यालयात असे मंडळ मी काही वर्षे सांभाळले आणि पहिल्या वर्षी मीही हेच केले. मार्चमधला कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरताना यंत्र शाखेच्या तिसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी सहज बोलून गेली, की लेथवर (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, तिने स्वतः एकदाही बांधलेला नाही. पाच जणांच्या बॅचमध्ये मशीन मुलगे चालवतात आणि अक्षर चांगले म्हणून रीडिंग लिहिण्याचे काम तिच्याकडे येते. तिच्या जर्नलला पूर्ण गुण मिळाले होते.

त्या दिवसापासून कोणताही उपक्रम ठरवताना मी एकच हिशेब करू लागले: यात प्रत्येक मुलीच्या हातात अवजार किती मिनिटे राहील? पुढे सुचवलेले उपक्रम या हिशेबातून टिकलेले आहेत.

वेळ, जागा आणि माणसे

उपक्रम ठरवण्याआधी मुली महाविद्यालयात येतात कशा आणि परत जातात केव्हा, हे पाहावे. आमच्याकडे निम्म्याहून अधिक मुली एसटीने येत असत, आणि संध्याकाळी साडेपाचची गाडी चुकली की पुढची थेट आठची. वसतिगृहाचे फाटकही ठरलेल्या वेळी बंद होत असे. अशा ठिकाणी सायंकाळी पाच वाजता कार्यक्रम ठेवणे म्हणजे गावाकडच्या मुलींना त्यातून आधीच वगळणे होय. शनिवारची सकाळ किंवा जेवणाच्या सुट्टीला जोडून घेतलेला एक मोकळा तास सर्वांना जमतो. सबमिशन आणि तोंडी परीक्षांच्या आधीचे तीन आठवडे पूर्णपणे मोकळे सोडावेत.

वर्कशॉपमधील इन्स्ट्रक्टर हा मंडळाचा सर्वांत मोठा आधार असतो, हे मला फार उशिरा कळले. विभागप्रमुखांची सही आवश्यक असतेच, पण किल्ली इन्स्ट्रक्टरांकडे असते आणि कोणत्या लेथचा चक (जॉब पकडून धरणारा भाग) ढिला झाला आहे हेही त्यांनाच ठाऊक असते. त्यांना निमंत्रणपत्रिका पाठवण्याऐवजी प्रत्यक्ष भेटून, उपक्रमाची आखणी त्यांच्यासोबत बसून करावी.

शनिवारचा दुरुस्ती वर्ग

एकाच उपक्रमापुरते बळ असेल तर हा करावा. घरोघरी बंद पडलेले मिक्सर, इस्त्री, टेबल फॅन, छताचे पंखे पडून असतात. ते मागवून घ्यावेत. तीन मुलींचा एक गट आणि प्रत्येक गटाला एक उपकरण, यापेक्षा मोठा गट करू नये, कारण चौथी मुलगी पाहत उभी राहते. गटातील कामे दर अर्ध्या तासाने बदलावीत, म्हणजे खोलणारी, मोजणारी आणि लिहिणारी या तिन्ही भूमिका प्रत्येकीकडे येतील.

पहिल्या दोन शनिवारी फक्त मल्टिमीटर आणि प्लग यांवर काम करावे. कंटिन्युइटी (तार अखंड आहे की तुटलेली) कशी तपासायची, वायरीतील कोणता रंग फेजचा व कोणता न्यूट्रलचा, तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन अधिक लांब व जाड का असते (ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते), हे सर्व हाताने करून पाहिल्यावर पक्के होते. सिरीज टेस्ट बोर्डही मुलींकडूनच बनवून घ्यावा. दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात तो भिंतीवर टांगलेला असतो: शंभर वॅटचा जुना दिवा उपकरणाच्या मालिकेत जोडलेला असतो, त्यामुळे उपकरणात शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि फ्यूज उडत नाही. ओमचा नियम बारावीपासून पाठ असलेल्या मुली हा दिवा पेटलेला पाहून जे प्रश्न विचारतात, ते वर्गात कधी ऐकू येत नाहीत.

तिसऱ्या शनिवारपासून उपकरणे खोलावीत. मंद फिरणारा छताचा पंखा हा उत्तम पहिला रुग्ण आहे, कारण बहुतेक वेळा दोष त्याच्या कपॅसिटरमध्ये असतो. त्यावर २.५ मायक्रोफॅरड असे छापलेले असते आणि मीटरवर दीडच्या आसपास आकडा येतो. नवा कपॅसिटर थोड्याशा रुपयांत मिळतो आणि पंखा पुन्हा वाऱ्यासारखा फिरू लागतो. मिक्सरमध्ये घासून संपलेले कार्बन ब्रश सापडतात, इस्त्रीत तुटलेले एलिमेंट किंवा चिकटलेला थर्मोस्टॅट. दुरुस्त झालेली वस्तू जिच्या घरची असेल तिने ती घरी नेऊन स्वतः लावून दाखवावी, असा आमचा नियम होता. मुलीने मिक्सर दुरुस्त केला हे आजीने आणि शेजारणीने पाहिले, की पुढच्या शनिवारी बाहेर पडण्यासाठी तिला घरी फारशी समजूत घालावी लागत नाही.

सुरक्षिततेबाबत कोणतीही सूट देऊ नये. उपकरण खोलण्यापूर्वी प्लग काढून तो सर्वांना दिसेल असा टेबलावर ठेवावा आणि कपॅसिटर रोधकातून डिस्चार्ज करावा. मायक्रोवेव्ह आणि जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही उघडू नयेत, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांत प्राणघातक विद्युत दाब शिल्लक असू शकतो. कामाच्या टेबलाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरूनच पुरवठा घ्यावा. लेथ किंवा ड्रिलिंग मशीनवर काम असेल तेव्हा केसांचा अंबाडा, ओढणी बाजूला, बांगड्या आणि घड्याळ काढलेले, पायांत बंद बूट, आणि हातमोजे अजिबात नकोत, कारण फिरत्या भागात हातमोजा अडकला तर तो हात आत ओढून घेतो. चकची किल्ली चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. हे नियम मुलींसाठी म्हणून वेगळे सांगू नयेत. मुलगे आणि इन्स्ट्रक्टर यांनाही तेच लागू आहेत, आणि वर्कशॉपमध्ये फलक लावायचा तर तो सर्वांसाठी असावा.

एक पूल, दोन अंतरे

आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलांची स्पर्धा सगळीकडे होते. ती आम्ही पुलांची रचना करणाऱ्या अभियंता शकुंतला भगत यांच्या कामाशी जोडली. भगत यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुढे आयआयटी मुंबईत अध्यापन केले आणि १९७० मध्ये पती अनिरुद्ध भगत यांच्यासह क्वाड्रिकॉन ही कंपनी स्थापन केली. ठरावीक मापाचे पोलादी भाग कारखान्यात तयार करून ते वेगवेगळ्या लांबी-रुंदीच्या पुलांसाठी जोडता येतील, अशी त्यांची पद्धत होती. जेथे मोठी यंत्रे पोहोचत नाहीत अशा हिमालयातील भागांत ती विशेष उपयोगी पडली. पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचल प्रदेशातील स्पितीत उभा राहिला.

त्यांचे चरित्र वाचून दाखवण्यात दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ घालवू नये. त्याऐवजी त्यांच्यापुढे असलेला प्रश्न मुलींपुढे ठेवावा. प्रत्येक गटाला १०० काड्या, नट-बोल्ट आणि हातड्रिल द्यावे. फेव्हिकॉल देऊ नये. पहिल्या तासात ४० सेंटिमीटर अंतर ओलांडणारा पूल उभारायला सांगावा. दुसऱ्या तासाच्या सुरुवातीला जाहीर करावे, की आता अंतर ६० सेंटिमीटर आहे आणि एकही नवी काडी मिळणार नाही. ज्या गटाने सर्व भाग एकाच मापाचे आणि छिद्रे एकाच अंतरावर ठेवली असतील, तो वीस मिनिटांत पूल नव्याने जोडतो. बाकीच्यांना पुन्हा छिद्रे पाडावी लागतात. एकसारखे सुटे भाग म्हणजे काय, हे या वीस मिनिटांत समजते.

भार देण्यासाठी पुलाला बादली टांगून तीत हळूहळू वाळू ओतावी आणि पेललेला भार भागिले पुलाचे स्वतःचे वजन, या गुणोत्तरावर निकाल लावावा. पूल मोडल्यानंतर लगेच टाळ्या वाजवून पुढच्या गटाकडे वळू नये. कोणती काडी आधी गेली, ती ओढली जाऊन तुटली की दाबाखाली बाजूला वाकली, की बोल्टपाशी चिरली, हे त्या गटाने तुकडे हातात घेऊन सांगावे. या पाच मिनिटांसाठीच सारी स्पर्धा आहे, असे मला वाटते.

अभियंता दिनालाही असेच काही करता येईल. ज्यांच्या जन्मदिवशी तो साजरा होतो त्या विश्वेश्वरय्यांनी पुण्यातच अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारे त्यांनी रचलेले धरणाचे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्यालाच बसवले गेले. १५ सप्टेंबरच्या व्याख्यानाऐवजी प्लास्टिकच्या टबात असा आपोआप उघडणारा दरवाजा बनवण्याचे आव्हान द्यावे. तरंगता डबा, कप्पी आणि वजन एवढ्यावर काम होते.

वसतिगृहाची मोजणी

मुलींच्या वसतिगृहाचे ऊर्जा परीक्षण हा दुसऱ्या वर्षातील मुलींसाठी चांगला प्रकल्प आहे, कारण जागा त्यांची स्वतःची असते आणि निष्कर्षाचा फायदाही त्यांनाच होतो. प्रत्येक मजल्यावरील दिवे, पंखे, गिझर मोजावेत, वापराचे तास आठवडाभर नोंदवावेत आणि वीजबिलाशी ताळा करावा. चोक असलेली जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसह सुमारे ५२ वॅट घेते आणि तिच्या जागी २० वॅटची एलईडी पुरते. म्हणजे १०० ट्यूब दररोज सहा तास जळत असतील तर दिवसाला १९ युनिटांहून अधिक बचत होते. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट लागतो हे गणिताने काढावे आणि मग गिझर प्रत्यक्षात किती घेतो ते मीटरवर पाहावे. दोन आकड्यांत फरक का पडतो, याचा शोध घेता घेता उष्णतावहनाचा अर्धा धडा होऊन जातो.

याच मोजणीत आणखी दोन गोष्टी घ्याव्यात. ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दर दहा मीटरला लक्समीटरने प्रकाश मोजून त्याचा आलेख काढावा. अंधाराची तक्रार तोंडी केली तर ती विसरली जाते, पण शून्याला टेकलेला आलेख प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला की दिवा बसतो. दुसरी गोष्ट सांगताना अनेकजणी संकोचतात, म्हणून ती मंडळानेच करावी: वर्कशॉप, जुन्या प्रयोगशाळा आणि मैदान येथून जवळच्या चालू स्थितीतील स्त्रियांच्या स्वच्छतागृहापर्यंतचे अंतर मोजावे. जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा येथे मुली येतील असे कोणी धरलेच नव्हते, आणि तीन तासांच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी पाणी न पिता येणाऱ्या मुली आजही आहेत. नकाशावर अंतरे टाकून दिलेला एक पानी अहवाल आमच्याकडे दोन वर्षांच्या विनंत्यांपेक्षा लवकर कामी आला.

भेटी कोठे आणि कशा

औद्योगिक भेटीसाठी लांब जावेच असे नाही. तालुक्याच्या एसटी आगारात ब्रेक आणि गिअरबॉक्स उघडलेले पाहायला मिळतात. विजेचा दाब ३३ हजारांवरून ११ हजार व्होल्टपर्यंत उतरवणारे ३३/११ केव्ही उपकेंद्र बहुतेक तालुक्यांत असते. गाळप हंगामात साखर कारखान्यात बॉयलर, टर्बाइन आणि बगॅसवरील (उसाच्या चिपाडावरील) वीजनिर्मिती एकाच आवारात दिसते. पुण्याजवळ असाल तर खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातील धरणांची व बंदरांची प्रतिकृतिरूप मॉडेल पाहण्याजोगी आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली होते आणि ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा तो पसारा यंत्र, विद्युत, संगणक आणि स्थापत्य या चारही शाखांच्या मुलींना बोलते करतो.

भेटीला चाळीसपेक्षा अधिक मुली नेऊ नयेत, आणि प्रत्येकीने तेथे एक रेखाचित्र हाताने काढावे. ए. ललिता १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत अभियंता झाल्या आणि पुढे पारेषण वाहिन्या व उपकेंद्रांची रचना हेच त्यांचे काम होते. उपकेंद्रात उभे राहून सिंगल लाइन डायग्राम (वीजमार्गाचा एकेरी रेषांतला आराखडा) काढणाऱ्या मुलीला ललितांची ओळख भाषणाशिवाय होते.

स्पर्धांचे संघ

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या राष्ट्रीय तंत्रस्पर्धेच्या सहा जणांच्या संघात किमान एक मुलगी असणे बंधनकारक आहे. हा नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. पण अनेक संघांत त्या एकीला शेवटच्या आठवड्यात घेतले जाते आणि तिच्या वाट्याला पीपीटी येते. मंडळाने यावर दोन उपाय करावेत. निदान दोन संघ असे उभारावेत, की ज्यांची प्रमुख मुलगी असेल आणि समस्या निवडण्याचे काम तिच्याकडे असेल. शिवाय मिश्र संघात जाणाऱ्या प्रत्येक मुलीने दर आठवड्याला आपण स्वतः काय लिहिले, जोडले किंवा तपासले, याची नोंद वहीत ठेवावी. तीन आठवड्यांच्या नोंदीत केवळ सादरीकरणच दिसत असेल, तर ती वही घेऊन संघाच्या मार्गदर्शकांशी बोलावे. हाच नियम बाहा किंवा सुप्रा या विद्यार्थ्यांच्या वाहनस्पर्धांसाठी गाड्या बनवणाऱ्या संघांनाही लावावा. वेल्डिंग, ब्रेक आणि ट्रान्समिशन यांपैकी एका तरी भागाची जबाबदारी मुलीकडे असावी, आणि प्रायोजकांना पत्रे लिहिणे व संघाचे टी-शर्ट मागवणे ही कामे मुलग्यांकडेही जावीत.

पाच मिनिटे एका यंत्राविषयी

मराठी माध्यमातून आलेल्या अनेक मुली प्रयोग उत्तम करतात आणि तोंडी परीक्षेत गप्प बसतात. त्यांच्यासाठी दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत एकीने एका यंत्राविषयी किंवा भागाविषयी पाच मिनिटे बोलावे, वस्तू हातात धरून, आधी मराठीत आणि पुढच्या आठवड्यात तेच इंग्रजीत. बेअरिंग, रिले, नळाचा वॉशर, काहीही चालेल. मराठीत बोलताना कळलेली आणि न कळलेली गोष्ट लगेच वेगळी होते. इंग्रजीत पाठ केलेली वाक्ये ती झाकून ठेवतात. पहिल्या फेरीत मी स्वतः सायकलच्या फ्रीव्हीलविषयी बोलले होते आणि मध्येच अडकल्यावर एका मुलीने सांगितले, की आत पॉल (दात अडवणारी छोटी खिट्टी) असतो.

आधी पास झालेल्या ताई

माजी विद्यार्थिनींना व्यासपीठावर बोलावण्याऐवजी सहा-सात मुलींच्या गटाशी तासभर फोनवर किंवा प्रत्यक्ष बोलायला सांगावे. विषय आधी कळवावा: कारखान्यातील शिफ्ट, बांधकामाच्या साइटवर राहण्याची सोय, लग्नानंतर बदललेले शहर, बाळंतपणानंतर पुन्हा काम शोधणे. अशा गटात मुली पगाराविषयीही विचारतात. त्याच बैठकीत नेमणूकपत्र वाचायला शिकवावे. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) आणि हातात येणारा पगार यांतील अंतर, भविष्यनिर्वाह निधी, बाँडची मुदत आणि तो मोडल्यास भरायची रक्कम ही कलमे प्रत्येकीने पेन्सिलने अधोरेखित करावीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा २०१३ चा कायदाही येथेच सांगावा: दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते.

प्लेसमेंटच्या सूचनांत ‘फक्त पुरुष उमेदवार’ ही अट आजही अधूनमधून दिसते. १९७४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीच्या अशाच जाहिरातीवर सुधा मूर्ती यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले होते, आणि पुढे त्या तेथे अभियंता म्हणून रुजू झाल्या. भरतीतील असा भेदभाव १९७६ च्या समान वेतन कायद्याने मना केला होता. अट दिसली, की मंडळाने प्लेसमेंट अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन कंपनीकडे कारण विचारण्याची विनंती करावी. भाषा सौम्य असावी, पण पत्र द्यावेच.

शाळा आणि जूनमधला मदत कक्ष

जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलींना घेऊन छोटी मोटर, सेल आणि वायर यांचा दोन तासांचा वर्ग घ्यावा आणि त्याच दिवशी पालकांनाही बोलवावे. पालकांना खर्चाची माहिती हवी असते. दहावीनंतर तंत्रनिकेतन आणि तेथून थेट द्वितीय वर्षात पदवी, हा मार्ग अनेकांना ठाऊक नसतो. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे; व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या प्रगती शिष्यवृत्तीत पदविका आणि पदवीच्या निवड झालेल्या विद्यार्थिनींना वर्षाला ५० हजार रुपये मिळतात, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत. खोलीभाडे आणि खानावळ यांचा खर्च मात्र पालकांना आधीच सांगावा.

सवलती हुकतात त्या बहुधा कागदपत्रांमुळे. म्हणून जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, मंडळाने महाविद्यालयाच्या फाटकाजवळ टेबल मांडून बसावे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तेथे जात वैधता, बँक खात्याला जोडलेला आधार, या कागदांची यादी मोठ्या अक्षरांत लावावी आणि अर्ज भरताना शेजारी बसावे. या टेबलावर ज्या मुलीला मदत मिळते, ती ऑगस्टमध्ये स्वतःहून मंडळात येते.

वही आणि कपाट

दर उपक्रमानंतर त्याच दिवशी वहीत तीन ओळी लिहाव्यात: किती मुली आल्या, प्रत्येकीच्या हातात अवजार किती वेळ होते, आणि काय बिघडले. छायाचित्रे काढायची तर काम करताना काढावीत. मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, पान्यांचा संच आणि हातड्रिल मंडळाच्या नावाने घ्यावेत आणि त्यांच्यासाठी वर्कशॉपमध्ये एक कपाट मागून घ्यावे. महाविद्यालयाच्या साठा नोंदवहीत त्यांची नोंद करून घेतली नाही, तर दोन वर्षांत ती कोठे जातात हे कळत नाही. अंतिम वर्षाच्या मुली परीक्षेला लागण्यापूर्वी, फेब्रुवारीतच, इन्स्ट्रक्टरांच्या समक्ष सारी अवजारे मोजून कपाटाची किल्ली आणि वही दुसऱ्या वर्षातील दोघींच्या स्वाधीन करावी.